पुण्यात पोटभर खाल्लेला रविवार

कुर्डुवाडीला जाणारी छोटी गाडी सुटायला आली तरी आई डब्यातून उतरेना. वळकटीवर लोणच्याची बरणी होती. ती कलंडेल म्हणून आईनं खाली ठेवली, मग कुणाचा पाय लागेल म्हणून परत वर ठेवली, आणि समोरच्या बाकावरच्या अनोळखी म्हाताऱ्याला बरणीकडे लक्ष ठेवायला सांगितलं. माझ्याकडे लक्ष ठेवायला कुणालाच सांगितलं नाही. गाडी हलली तेव्हा ती कशीबशी खाली उतरली आणि खिडकीशी चालत चालत म्हणाली, "रडायचं तर कुर्डुवाडीच्या पुढं रड. हितं समदी वळखीची माणसं हायती."

मी तेवढी शहाणी नव्हते. पुढच्या स्टेशनाच्या आतच पदर ओला झाला. अण्णा, म्हणजे माझे वडील, फलाटाच्या टोकाला छत्री घेऊन उभे होते. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. ते गावच्या शाळेत मास्तर होते, आणि हातात काही असल्याशिवाय त्यांना नुसतं उभं राहता येत नसे. आमचं गाव बार्शीजवळचं, दीडशे उंबऱ्यांचं. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली होती, राहायला खोली मिळाली होती आणि हे मला न्यायला आले होते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि बोलायला फार फटकळ होते. फटकळपणा अजून आहे, वय तेवढं गेलं.

गावात राहिलेल्या माझ्या बहिणींनो, आणि माझ्यासारखीच वळकटी बांधून या कारखान्यांच्या पट्ट्यात आलेल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आजवर ही गोष्ट मी तुकड्यातुकड्यानं सांगितली. कुणाला बासुंदीपर्यंत, कुणाला कार्डापर्यंत. आता ती पूर्ण सांगावी म्हणते, कारण ज्यांच्यासमोर सांगायला लाज वाटायची ती सगळी माणसं गेली.

आज पिंपरी म्हटलं की तुमच्यासमोर पूल, बस आणि दुकानं येतात. तेव्हा गाव आणि कारखाना यांच्यामध्ये ज्वारी उभी असायची. सकाळी भोंगा झाला की हे पायवाटेनं शिफ्टला जात आणि कणसांच्या वर यांची टोपी तेवढी दिसत राही. आमची खोली शेवंताबाईंच्या अंगणात होती. त्या जुन्या गावातल्या, शेतीवाल्या, पाच मुलांच्या आई. पहिल्याच दिवशी त्यांनी दारात येऊन विचारलं, "व्हय गं, तुमच्याकडं कोरड्यासाला काय घालत्यात?" मी आमच्याकडच्या पातळ भाजीची रीत सांगितली तर म्हणाल्या, "आमी न्हाई बा तसं करत," आणि दुसऱ्या दिवशी तसंच करून मला वाटीभर आणून दिलं. कॅम्पात सिंधी लोक नुकते स्थिरावत होते. त्यांच्या पापडांचा वास बाजारभर असायचा. त्यांचं तर गावच मागं राहिलं होतं. माझं गाव एका दिवसाच्या प्रवासावर होतं, तरी मीच जास्त रडायचे.

दर रविवारी मी आईला कार्ड लिहायची. तिला वाचता येत नव्हतं. अण्णा चुलीपुढं बसून तिला वाचून दाखवत आणि ती सांगेल ते उत्तर लिहीत. तिच्या उत्तरात जेवणाच्या चौकशांशिवाय काही नसे. भाकरी फुगते का, तिकडचं तिखट तिखट आहे का, जावई भाजीत मीठ मागतात का. अण्णा शेवटी आपल्या वळणदार अक्षरात एक ओळ घालत, 'हवापाणी ठीक असेल अशी आशा आहे.' मला त्या ओळीचं हसू यायचं.

वर्ष-दीड वर्षात मला दिवस राहिले. पाचव्या महिन्यापासून एकच डोहाळा लागला, हुलग्याच्या शेंगोळ्यांचा. ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. हुलग्याच्या पिठात लसूण-तिखट घालून घट्ट मळायचं, बोटाएवढ्या वळ्या करायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडून रटरट शिजू द्यायच्या. गरिबाचं खाणं. यांनी पुण्याच्या मंडईतून हुलगे आणले, शेवंताबाईंनी दळून शेंगोळे करून घातले. ते चांगले होते, पण आईचे नव्हते. डोहाळ्याला हे समजावून सांगता येत नाही. मी खाल्ले आणि रुसून बसले.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत. सातव्या महिन्यात आईनं यायचं, ओटी भरायची आणि लेकीला घेऊन जायचं. मी कार्ड टाकलं, 'लवकर ये आणि येताना हुलग्याचं पीठ आण.' उत्तर आलं नाही. दुसरं कार्ड टाकलं. त्याचंही नाही. सातवा लागला तरी आईचा पत्ता नाही. मी दिवसातून दोनदा पोस्टमनची वाट बघायची आणि तो गेला की शेवंताबाईंच्या म्हशीवर राग काढायची.

माझा धाकटा भाऊ वसंता तेव्हा पुण्यात कॉलेजात होता. टेकडीजवळच्या हॉस्टेलात राहायचा, खानावळीत जेवायचा आणि महिन्यातून एकदा आमच्याकडे भाकरी खायला यायचा. आला की पुण्यातल्या खाण्याची वर्णनं करून मला जळवायचा. कुठल्या हॉटेलात डोसा मिळतो, कुठल्या इराण्याकडे एका चहावर तीन तास बसता येतं, रविवारी खानावळीत फीस्ट असते तेव्हा पुऱ्यांच्या पैजा कशा लागतात. शेवटी ठरलं होतं की अमुक रविवारी तो आम्हा दोघांना दिवसभर पुणं खायला घालणार. "आक्का, आईचे शेंगोळे विसरशील," असं तो म्हणाला होता. मी महिनाभर त्या रविवारवर जगत होते.

आता सरळ सांगून टाकते. तो रविवार उजाडला तेव्हा आईला जाऊन सहा दिवस झाले होते.

दोन आठवडे ती तापानं पडून होती. 'पोरीला कळवू नका, तिचा जीव टांगणीला लागंल,' असं तिनंच अण्णांना बजावलं होतं. सोमवारी रात्री ती गेली. मंगळवारी तार हॉस्टेलवर आली. वसंता तसाच पिंपरीला आला, शिफ्ट सुटताना कारखान्याच्या फाटकाशी यांना गाठलं आणि तिथूनच गावाकडे गेला. यांनी घरी येऊन शेवंताबाईंना गोठ्यात नेऊन विचारलं, काय करू. त्या म्हणाल्या, "सातवा म्हैना. पयलटकरीण. आजाबात सांगू नगा. बाळ हातात आल्यावर रडंल काय रडायचं ते." तारेत अण्णांचाही निरोप तोच होता. आणि वसंतानं जाताना वहीचं एक पान यांच्या हातात दिलं होतं. कुठं काय खायचं ते त्यावर क्रमानं लिहिलं होतं. "भाऊजी, रविवार चुकवू नका. तिला संशय येईल," असं सांगून तो आईच्या अग्नीला गेला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी अंजिरी रंगाचं लुगडं नेसून, वसंतासाठी केलेल्या लाडवांचा डबा घेऊन, सकाळच्या गाडीत बसले.

शिवाजीनगरला उतरलो. जुनी माणसं त्या स्टेशनला तेव्हा भांबुर्डाच म्हणत. बाहेर आले आणि पाहते तो रस्ताभर सायकली. मुलं सायकलवर, प्राध्यापक सायकलवर, दोन वेण्या घातलेल्या मुलीसुद्धा सायकलवर, आणि सगळे एकमेकांशी बोलत बोलत चाललेले. आमच्या गावात सायकल एकच, तीही पोस्टमनची. मी यांना म्हटलं, "एवढ्या सगळ्यांना रविवारी कुठं जायचं असतं?" हे म्हणाले, "खायला." एरवी हे असं कधी बोलत नसत. मला वाटलं, पुण्याची हवा लागली.

पहिल्यांदा डोसा. उडप्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलं होती आणि प्रत्येक टेबलावर पोरांचा वाद चाललेला. डोसा आला तो अण्णांच्या शाळेतल्या गुंडाळलेल्या नकाशासारखा, ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मी एक संपवला, यांनी आपल्यातला अर्धा माझ्या ताटात सरकवला, तोही संपवला. वसंताचं ते पान यांच्या खिशात होतं आणि हे दर थोड्या वेळानं काढून बघत. मी म्हटलं, "त्यानं तुम्हाला दिलंय ना ते? मग तो कुठाय?" हे म्हणाले, "येईल की." मग पाणी प्यायले.

हॉस्टेलवर जायला यांनी फार आढेवेढे घेतले. ऊन आहे, चढ आहे, तुला दम लागेल. मी लाडवांचा डबा पुढं करून चालायलाच लागले. फाटकाशी एक उंच, चष्मा लावलेला मुलगा भेटला. वसंताचं नाव काढल्यावर त्यानं आधी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं. म्हणाला, "वसंता सहलीला गेलाय, ताई. वेरूळला. अचानक ठरलं."

माझा पारा चढला. सख्खी बहीण अवघडलेल्या पोटानं चढ चढून आलीय आणि हा लेणी बघतोय! आई पत्र लिहीत नाही, भाऊ सहलीला जातो, लेक दिली की माहेर सुटलंच म्हणायचं. हे सगळं मी त्या परक्या मुलाला फाटकात उभी राहून ऐकवलं. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, आज खानावळीत फीस्ट आहे. वसंतानं तुमची पानं सांगून ठेवलीत."

खानावळ एका अरुंद बोळात, जिन्यानं वर. चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. बारा-पंधरा मुलं पाटांवर बसली होती. मी दारात गेले तशी सगळी उठून उभी राहिली. मला मधला पाट दिला, भिंतीशी टेकायला उशी दिली. बासुंदी-पुरीचा बेत होता. मी पैजांची वाट बघत होते, पण कुणी मोठ्यानं बोलेना. मी म्हटलं, "वसंता तर सांगतो इथं जेवताना छप्पर उडतं. पुण्याची मुलं एवढी शिस्तीची कधीपासून झाली?" एकजण हसला, पण तेही लगेच थांबला. काकू माझ्यापाशी बसून वाढत होत्या. "सावकाश जेव गं बाई. घाई नाही इथं कुणाला," असं त्या दोन-तीनदा म्हणाल्या.

यांनी बासुंदीला हात लावला नाही. म्हणाले, दाढ दुखतेय. मी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हटलं, "यांची दाढ सणावारालाच दुखते." यांनी आपली वाटी माझ्या पानाशी ठेवली. मग चष्मेवाल्यानं आपली ठेवली. त्याच्या पलीकडच्यानं ठेवली. बघता बघता माझ्यासमोर पाच वाट्या जमल्या. मला वाटलं, पोटुशी बाईचं कौतुक करायची पुण्यात पद्धत असेल. मी तीन वाट्या संपवल्या आणि काकूंना म्हटलं, "आमच्या आईला नाही हो अशी जमत. दर वेळी दूध करपवते. करपवते आणि वर सांगते, असंच चांगलं लागतं."

काकू पुऱ्या आणते म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. बाहेर आल्या तेव्हा हातात पुऱ्या नव्हत्या. त्या पंगतीतल्या एकूण एक माणसाला माहीत होतं. मला सोडून.

त्या मुलांची तोंडं मी नंतर किती वेळा आठवून पाहिली आहेत. वीस-बावीस वर्षांची पोरं, घरापासून लांब राहणारी, प्रत्येकाची आई कुठल्या ना कुठल्या गावात बसलेली. माझं बोलणं ऐकताना त्यांना काय झालं असेल? आणि मी मिटक्या मारत होते.

दुपारी लकडी पुलावरून लक्ष्मी रस्त्याला गेलो. तुळशीबागेत यांनी मला हिरव्या बांगड्या भरवल्या. एरवी हे दुकानाच्या पायरीवर उभे राहत, त्या दिवशी माझ्या शेजारी बसून कासाराला "जपून" म्हणत होते. नंतर हातानं फिरवलेल्या पॉटमधलं आइस्क्रीम. मग ऊन उतरल्यावर नदीकाठी भेळ, कैरी नसल्यामुळे भेळवाल्याशी माझं भांडण, आणि त्यानं रागानं दिलेला जादा चटणीचा चमचा. खाताना माझं एकच पालुपद चालू होतं. आईला वसंताच लाडका. मी कार्ड टाकते ते बहुतेक चुलीत घालते ती. पुढच्या खेपेला बोलावलं तरी जाणार नाही. यांनी दिवसभरात एकदाच म्हटलं, "असं बोलू नये." मी विचारलं, "का? खोटं आहे का?" हे नदीकडे बघायला लागले.

संध्याकाळी इराण्याकडे चहा. वसंताच्या पानावरची ती शेवटची ओळ होती. माझ्या पिशवीत रविवारचं कार्ड होतंच. मी यांच्याकडून पेन घेतलं आणि टेबलावरच लिहिलं. लिहिलेला शब्द न शब्द मला पाठ आहे. 'ती. सौ. आईस, आज पुण्यात पोटभर खाल्लं. डोसा, बासुंदी, आइस्क्रीम, भेळ. आता तुझ्या शेंगोळ्यांची गरज राहिली नाही. तू आली नाहीस तरी चालेल. सुमन.'

कोपऱ्यावर लाल पेटी होती. यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि हातात धरून उभे राहिले. मी म्हटलं, "टाका ना. का मुहूर्त बघताय?" पुढं पुष्कळ वर्षांनी हे मला म्हणाले, "तू माझ्या हाताकडे बघत होतीस. न टाकता खिशात कसं घालू?" कार्ड आत पडल्याचा आवाज झाला आणि मला फार बरं वाटलं. आईची चांगली जिरवली असं वाटलं.

परतीच्या गाडीत सगळं उलटून पडलं. घरी आले तेव्हा शेवंताबाई वाट बघत बसल्या होत्या. "काय काय खाल्लंस?" मी सगळी यादी म्हणून दाखवली. त्या तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. त्या घरी गेल्यावर मी सकाळची भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन चुलीशी उभ्यानंच खाल्ली. दिवसभर खाऊन पोट भरलं नव्हतं. पण तसं कार्डावर लिहायला माझी जीभ, म्हणजे माझं पेन, वळलं नव्हतं.

नंतर यांनी सांगितलं की डॉक्टरांनी गाडीचा प्रवास करू नको म्हटलंय, बाळंतपण इथंच. मी आदळआपट केली. अण्णांची पत्रं यायला लागली, दोन-दोन ओळींची. 'घरी सर्वांना तुझी काळजी वाटते. जपून राहा.' मास्तर माणूस, त्यांनी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. आईचं नाव तेवढं कुठंच घातलं नाही. मला वाटलं, कार्ड वाचून ती रुसली. मी म्हटलं, रुसू दे. दोन महिन्यांनी मुलगी झाली. शेवंताबाईंनी सगळं केलं, तेल-पाणी, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू. मी बाजेवर पडून दाराकडे बघत असायची. रुसली असली तरी नात बघायला येईलच ना?

बाराव्या दिवशी बारशाला वसंता आला. एकटाच. हातात बाळंतविडा, डोक्यावर टोपी. आमच्या वसंतानं जन्मात टोपी घातली नव्हती. कॉलेजात गेल्यापासून तर भांग मोडेल म्हणून वाऱ्याकडे पाठ करून चालायचा. मी बोलायला तोंड उघडणार एवढ्यात तो बाळाला बघायला पाळण्यावर वाकला आणि टोपी आत पडली. डोक्यावर जेमतेम दोन बोटं केस होते, सगळीकडे सारखेच वाढलेले.

तुम्हाला सांगायला नको, मुलगा पूर्ण डोकं कधी उतरवतो ते. मी पाळण्याची दोरी धरली. विचारलं, "आई की अण्णा?"

हे मला विचारावं लागलं. दोघांतलं कोण गेलं ते. वसंतानं पाळण्यातली टोपी उचलून हातात घेतली. शेवटी तो एवढंच म्हणाला, "अण्णा बरे आहेत, आक्का."

पुढचं मला नीट आठवत नाही. शेवंताबाईंनी बाळ उचलून नेलं. मी कधी, कधी, असं विचारत होते आणि कुणी सांगत नव्हतं. वसंतानं तारीख सांगितली तेव्हा मी बोटांवर दिवस मोजले आणि त्या रविवारवर येऊन थांबले. मग यांच्याकडे पाहिलं. हे दाराशी उभे होते. "तुमची दाढ," मी म्हटलं. यांनी मान खाली घातली. मी यांच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. यांचं चुकलं असं आज मला वाटत नाही. तेव्हा वाटलं होतं, आणि तसं मी बोललेही होते. ते शब्द इथं लिहीत नाही.

लेक चार महिन्यांची झाल्यावर गावी गेले. छोट्या गाडीच्या स्टेशनावर अण्णा एकटेच आले होते. घरी गेले तर चूल सारवलेली. अण्णांनी आम्हाला बसवलं, आणि माझे वडील, ज्यांनी कधी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, ते चुलीपुढं बसले. त्यांनी शेंगोळे केले होते. काही मोडलेले, काही अंगठ्याएवढे जाड. म्हणाले, "पीठ तिनंच दळून ठेवलेलं. तुझ्याकडं यायचं म्हणून गाठोड्यात बांधलं होतं. त्यातच ताप आला." पीठ जुनं झालं होतं, जरा कडवट लागत होतं. मी खात होते, पण मला एक गोष्ट विचारायची होती आणि धीर होत नव्हता. शेवटी विचारलं, "अण्णा, माझं कार्ड?"

त्यांनी सांगितलं ते असं. दहाव्या दिवशी ओढ्याकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, बाभळीवर चांगले चार-पाच बसले होते. खाली एकही येईना. वसंतानं हात जोडून सांगितलं, शिक्षण पुरं करीन. काकानं सांगितलं, अण्णांना एकटं पडू देणार नाही. कुणी घरच्या म्हशीचं नाव घेतलं, कुणी परसातल्या लिंबाचं. तास होत आला. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले. तेवढ्यात अण्णांना आठवलं की निघताना पोस्टमननं हातात दिलेलं कार्ड कोटाच्या खिशात आहे. रस्त्यानं येताना त्यांनी ते वाचलं होतं. त्यांनी ते काढलं, आणि चुलीपुढं बसून तिला वाचून दाखवत तसं मोठ्यानं वाचलं, "आज पुण्यात पोटभर खाल्लं."

तिथंच ते थांबले. आणि कावळा खाली आला.

मी विचारलं, "पुढचं नाही वाचलं?"

अण्णा म्हणाले, "पुढचं तिला काय करायचंय? तिचा जीव तेवढ्यातच अडकला होता. शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणत होती, पोरीचे डोहाळे ऱ्हायले, तिला कोण घालंल खायला." मग त्यांनी माझ्या ताटात आणखी दोन शेंगोळे वाढले. "भरलं का पोट?" त्यांनी विचारलं. मी "नाही" म्हटलं. त्यांनी पातेलं कलंडून रस्सासुद्धा वाढला. मग माझ्यासमोर बसूनच रडले. गाडी सुटताना जो माणूस फलाटावर छत्री घेऊन ताठ उभा होता, तो.

कावळ्याचं म्हणाल तर माझा विश्वास नाही. तासभर माणसं गराडा घालून उभी राहिल्यावर कुठला कावळा येईल? कार्ड ऐकायला सगळे अण्णांकडे वळले असतील, वाट मोकळी झाली असेल, कावळा भुकेला असेल. वसंताला मी असं म्हटलं तेव्हा तो चिडला होता. अण्णांना मात्र कधी म्हटलं नाही. त्यांनी तेवढ्याच्या जोरावर पुढची अकरा वर्षं काढली.

आता पिंपरीत ज्वारी नाही, शेवंताबाई नाहीत, हे नाहीत. शेवंताबाईंच्या अंगणाच्या जागी चार मजले आहेत आणि त्यातल्या एकावर मी आहे. नातू तळवड्याला कंपनीत जातो, भूक लागली की फोनवर बोट फिरवतो आणि दहा गावचं खाणं दाराशी येतं. गावचं घर काकाच्या नातवंडांकडे गेलं. तिथं गेले तर चहा देतात, आदरानं वागवतात, पण मी दुपारच्या गाडीनं परत येते. घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी पटकन पिंपरी म्हणते. आमच्या इमारतीत नव्या भाडेकरणी येतात, लातूरच्या, जळगावच्या, बिहारच्यासुद्धा. पोटुशी असेल तिला मी जेवायला बोलावते. पोट भरलं, आजी, असं ती पहिल्या दिवशी म्हणतेच. मी ऐकत नाही, आणखी अर्धी भाकरी वाढते. एक दिवस ती आपणहून येऊन दारात उभी राहते आणि म्हणते, आजी, भूक लागलीय. त्या दिवशी मी समजते की ही आता इथली झाली.

भूक लागली असं ज्या माणसाला सांगता येतं, ते माणूस असतं तिथं घर. एवढंच मला कळलंय. मला ते एकीलाच सांगता यायचं, आणि मी तिला उलटं लिहिलं. आई गेल्यावर तिच्यापर्यंत माझं जे शेवटचं वाक्य पोचलं ते खोटं होतं. त्या रविवारी माझं पोट भरलं नव्हतं, आई.